मेहकरची पोथी

इंग्लंडातील एखाद्या दोन-तीनशे वस्तीच्या खेड्याचा इतिहास वाचायला घ्यावा, तर त्यातील निम्मी पाने तिथल्या चर्चची असतात. मनोरा कोणत्या शतकात उभा राहिला, घंटा कोणी ओतवून दिली, कोणत्या धर्मगुरूच्या काळात छप्पर गळत होते, अशा बारीक तपशिलांतून गावाची पाच-सहाशे वर्षे उलगडत जातात. १५३८ साली टॉमस क्रॉमवेलने आज्ञा काढली की प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवावी. त्या वह्यांनी पुढच्या इतिहासकारांची निम्मी चिंता मिटवली. १७८९ मध्ये गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्याने सेल्बोर्न या आपल्या गावाचा निसर्गेतिहास प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच ग्रंथात गावातील जुन्या वास्तूंची हकीकतही जोडली. विसाव्या शतकात निकोलाउस पेव्हस्नर यांनी १९५१ ते १९७४ या काळात साऱ्या इंग्लंडची वास्तुनोंद ४६ खंडांत पुरी केली.

हे सारे पाहून आपल्याकडे एक ठरलेला उसासा टाकला जातो : आपल्याला इतिहासाची दृष्टीच नव्हती, आपण माहात्म्ये रचली, नोंदी ठेवल्या नाहीत. साहित्याच्या वर्गांतूनही हा उसासा ऐकू येतो. आम्हांला तो मान्य नाही. आमचे म्हणणे असे की गाव आणि त्याची देवळे यांची काटेकोर नोंद करणारे लेखन मराठीत सातशे वर्षांपूर्वीच सुरू झाले होते, ते भक्तीतूनच जन्मले होते, आणि आपण ते विसरलो. त्याची किंमत आज आपली लहान गावे मोजत आहेत. उदाहरणादाखल आम्ही बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर हे गाव घेतो. पैनगंगेच्या काठी वसलेले हे तालुक्याचे ठिकाण. १९०१ साली वस्ती पाच हजारांच्या थोडी वर, २०११ च्या जनगणनेत पंचेचाळीस हजारांच्या आसपास. कोणत्याही मोठ्या राजवटीची राजधानी नसलेले, आणि तरीही नाना काळांचे थर अंगावर बाळगणारे.

मेहकर म्हणजे मेघंकर. मेघंकर नावाचा राक्षस इथे माजला होता, विष्णूने शार्ङ्गधर रूपात येऊन त्याचा वध केला आणि गावाला राक्षसाचे नाव राहिले, असे गाव सांगते. गॅझेटियरनेही तेच उतरून घेतले. आता मत्स्यपुराणाच्या तीर्थयादीकडे वळावे. श्राद्धाला योग्य अशा तीर्थांच्या त्या गणनेत मेघंकर हे तीर्थ येते, तेथे शार्ङ्गधर विष्णू वास करतो असेही येते. राक्षस मात्र त्या उल्लेखात नाही. मेघंकर म्हणजे मेघ करणारा, एवढाच त्या शब्दाचा सरळ अर्थ. वऱ्हाडातल्या पावसाच्या भरवशावरच्या प्रदेशात एखाद्या तीर्थाला असे नाव असावे, यात नवल काय?

मग राक्षस आला कोठून? येथून अवघ्या काही कोसांवर लोणार आहे. उल्कापाताने झालेले ते खाऱ्या पाण्याचे विवर, गावातले दैत्यसूदनाचे कोरीव देऊळ, आणि विष्णूने लवणासुराला मारल्याची कथा हे सर्व वाचकांना परिचित आहे. लोणारच्या कथेला समोर एक प्रचंड खड्डा आहे. असुर गाडला गेला तो तिथे, असे बोट दाखवून सांगता येते. मेहकरच्या कथेला असा भौगोलिक आधार नाही. शेजारच्या गावच्या कथेचा साचा मेहकरने उचलला असावा आणि एका सुंदर तीर्थनामाचे राक्षसाच्या नावात रूपांतर झाले असावे, असा आमचा तर्क आहे. तर्क चुकीचाही ठरेल. परंतु हा प्रश्न विचारल्याने देवाचे काही उणे होत नाही. उलट गावाला आपल्या नावाचा जुना आणि अधिक हिरवा अर्थ परत मिळतो.

आता ज्या पोथीसाठी हा लेख लिहिला, तिच्याकडे येतो. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी या भागात फिरत होते. लोणारला यादव राजा कान्हरदेव त्यांना भेटला, ही लीळा प्रसिद्ध आहे. मेहकरही लीळाचरित्रात येते. तेथील त्यांचे अवस्थान बाणेश्वराच्या देवळाशी जोडलेले आहे. स्वामी जिथे जिथे राहिले, बसले, निजले, त्या जागा अनुयायांना पूज्य झाल्या. काळ बदलला, देवळे पडू लागली, वाटा मोडल्या, तेव्हा त्या जागा पुढच्यांना सापडाव्यात म्हणून चौदाव्या शतकात ‘स्थानपोथी’ हा ग्रंथ सिद्ध झाला. तिची रीत ठरलेली आहे. गाव सांगायचे, नदी कोणत्या अंगाला ते सांगायचे, देवळाचे दार कोणत्या दिशेला, त्याच्या उत्तरेला काय, आग्नेयेला काय, मठ कोठे, विहीर कोठे, आणि मग स्वामींची बसण्याची जागा कोणती. विशेषणे जवळजवळ नाहीत. चमत्कारही नाहीत. दिशा, दारे, भिंती आणि अंतरे एवढ्यावर तिचे काम भागते.

हा ग्रंथ विद्यार्थ्यांच्या हाती यायचा तो प्राचीन गद्याचा नमुना म्हणून, परीक्षेच्या टिपेपुरता. १९७६ मध्ये तो संपादून प्रसिद्ध करणारे वि. भि. कोलते हे याच बुलढाणा जिल्ह्यातील नरवेलचे, हा योगायोगही लक्षात घेण्यासारखा आहे. परंतु स्थानपोथीचे खरे महत्त्व भाषेच्या जुनेपणात नाही, असे आम्हांला वाटते. ते तिच्या नीतीत आहे.

महानुभाव पंथ एका परमेश्वरालाच मोक्षदाता मानतो. गावोगावच्या देवता त्याच्या दृष्टीने भक्तीचा विषय नव्हेत. असे असूनही स्थानपोथीचा कर्ता बाणेश्वराचे देऊळ बाणेश्वराचे म्हणूनच लिहितो, नारायणाचे नारायणाचे म्हणून, भैरवाचे भैरवाचे म्हणून. ज्या देवाला तो भजत नाही त्या देवाच्या दाराची दिशाही तो चुकू देत नाही. कारण सरळ आहे. दिशा चुकली तर पुढून येणारा साधक स्वामींच्या जागेपर्यंत पोचणार नाही. म्हणजे त्याची भक्तीच त्याला परक्या देवळाविषयी प्रामाणिक राहायला भाग पाडते. श्रद्धा आणि अचूकपणा यांचे वैर आहे असे आज गृहीत धरले जाते. मराठीतील स्थळनोंदीची पहिली मोठी पोथी या गृहीतकाला उभी छेद देते.

यानंतर मोठा काळ जातो आणि मेहकरविषयी लिहिणारे हात बदलतात. ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये मेहकरची गणना आहे, म्हणजे सोळाव्या शतकात हे महसुली कारभाराचे वजनदार ठाणे होते. इंग्रजी अमदानीत अल्फ्रेड लायल यांचे वऱ्हाडचे गॅझेटियर १८७० मध्ये आले, ए. ई. नेल्सन यांचे बुलढाणा जिल्ह्याचे १९१० मध्ये. या इंग्रजी नोंदींतून मेहकरच्या ज्या हकीकती हाती येतात, त्यांतली एक आम्हांला विशेष मोलाची वाटते. इथे मोमीन विणकरांची मोठी वस्ती होती आणि एके काळी ते इतके सधन होते की गावाची तटबंदी त्यांनी स्वतः उभारली. मोमीनपुऱ्याच्या वेशीवरील लेख त्याची साक्ष देतो. तो पंधराव्या शतकाच्या अखेरचा; बहमनी राज्य मोडत होते आणि १४९० मध्ये फतहुल्ला इमादुल्मुल्क वऱ्हाडात स्वतंत्र व्हायचा होता, त्या धामधुमीचा.

यातला अर्थ नीट ध्यानात घ्यावा. तट बांधणे हे राजाचे, निदान किल्लेदाराचे काम. ते इथे हातमागावर बसणाऱ्यांनी केले. सुताच्या कमाईतून दगड आला आणि त्या दगडाने सगळ्या गावाला आडोसा दिला. तटाच्या आत देऊळही होते आणि मशीदही. पुढे पेंढाऱ्यांची लूट आणि १८०३ च्या सुमाराचा दुष्काळ यांनी या पेठेची कंबर मोडली. १७६९ मध्ये जानोजी भोसल्यांवर चालून जाताना माधवराव पेशव्यांचा तळ इथे पडला, १८१७ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांवर निघालेला जनरल डव्हटनही इथे थांबून गेला. फौजा आल्या आणि गेल्या. गावासाठी काही बांधून ठेवले ते विणकरांनी.

गॅझेटियरची मर्यादा मात्र विसरता येत नाही. त्याला गाव म्हणजे महसूल, लोकसंख्या, बाजाराचा वार आणि पडक्या वास्तू. मेहकरातली दगडी खांबांची जुनी धर्मशाळा त्याने नोंदली, तिला हेमाडपंती म्हटले आणि तो पुढच्या गावाला गेला. ‘हेमाडपंती’ हा शब्दही लोकांकडून घेतलेला. हेमाद्री हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला यादवांचा मंत्री. चुन्याशिवाय दगड बसवण्याची ती पद्धत त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलेली. लोकांनी एका माणसाच्या नावावर दोन-तीनशे वर्षांचे गवंडीकाम जमा केले आणि सरकारी दप्तराने त्यावर शिक्का मारला. धर्मशाळेत कोण उतरत असे, कोणत्या वाटेने येत असे, लोणारला जाणारा यात्रेकरू की घाटावरचा व्यापारी, हे विचारायला कोणी थांबले नाही. स्थानपोथीच्या कर्त्याने ते विचारले असते, कारण त्याला त्या जागी पोचायचे होते. गॅझेटियरकाराला केवळ नोंद पुरी करायची होती.

आणि मग १८८८ साल उजाडते. त्या साली मेहकरात जमिनीतून शार्ङ्गधराची भव्य मूर्ती निघाली. काळ्या पाषाणातील, सुमारे अकरा फूट उंचीची ही विष्णुमूर्ती आज शार्ङ्गधर बालाजी या नावाने गावाचे मुख्य दैवत आहे आणि दूरदूरचे लोक दर्शनाला येतात. मूर्ती सापडल्याची हकीकत मेहकरात घरोघर सांगितली जाते, ती अशी. मूर्तीबरोबर दागिने आणि ताम्रपट मिळाले. ते इंग्रजांनी लंडनला नेले. मूर्तीही न्यायची होती. सरकारी हुकूम यायच्या आत गावकऱ्यांनी घाईघाईने तिची प्रतिष्ठापना उरकली. आणि पूजेत बसलेला देव उचलणे साहेबाला साधले नाही.

ही कथा खरी किती आणि पदरची किती, हा वाद आम्ही इथे मांडत नाही. साहित्याचे अभ्यासक म्हणून आम्हांला तिची बांधणी पाहायची आहे. ती कमालीची नेमकी आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७८ चा निखात निधीचा कायदा होता. दहा रुपयांवरील किमतीचा ठेवा सापडल्यास तो सरकारला कळवणे बंधनकारक होते. दुसऱ्या बाजूला १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने प्रजेच्या धर्मात हात न घालण्याचे वचन दिले होते. तेव्हा तोच पाषाण खड्ड्यात आडवा असेतो पुरावस्तू आणि उभा करून मंत्र म्हटले की देव. मधले अंतर एका रात्रीचे. मेहकरच्या लोकांनी ते अंतर ओळखले, किंवा ओळखले असे सांगणारी कथा तरी घडवली. दोन्हीपैकी काहीही खरे असो, वसाहतीच्या राज्यात सामान्य माणसाला कायद्याच्या फटी कशा दिसत होत्या याचा याहून चांगला पुरावा सहजी मिळणार नाही. वऱ्हाड तर त्या वेळी कागदोपत्री निजामाचे आणि १८५३ पासून कारभाराने इंग्रजांचे. फटींना तोटा नव्हता.

परंतु या कथेला एक अंधारा कोपरा आहे. तिच्यात ताम्रपट येतो तो केवळ गेलेल्या वस्तूंच्या यादीत. त्यात काय लिहिले होते, कोणत्या राजाचे दान, कोणाला, कोणत्या शेताच्या चतुःसीमा, याची कथेला उत्सुकता नाही. दागिने गेल्याची हळहळ आहे, ताम्रपट गेल्याचीही आहे. अक्षरे गेल्याची नाही. स्थानपोथी लिहिणाऱ्या परंपरेचा वारसा सांगणाऱ्या आपणांस हे सहज खपावे, यातच आम्हांला आमच्या प्रश्नाचे मूळ दिसते. मूर्ती वाचवण्याची तडफ आपण दाखवली. वाचण्याची तडफ आपण केव्हा गमावली?

मेहकरला वाचणारा एक माणूस या गावातच होऊन गेला. ना. घ. देशपांडे, जन्म १९०९, मृत्यू २०००. आयुष्यभर त्यांनी मेहकरात वकिली केली आणि कविता लिहिली. ‘शीळ’ ही त्यांची कविता जी. एन. जोशींच्या आवाजात ध्वनिमुद्रित होऊन महाराष्ट्रभर गेली, तेव्हा त्यांचा एकही संग्रह निघालेला नव्हता. ‘शीळ’ हा संग्रह १९५४ चा. १९८६ मध्ये ‘खूणगाठ’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या अखेरच्या संग्रहांपैकी एकाचे नाव ‘कंचनीचा महाल’. हा महाल मेहकरचाच, आज अवशेषरूपाने उरलेला. कंचनी नावाच्या नर्तकीने लोणारच्या कमळजा देवीचा दिवा येथून दिसावा म्हणून तो उंच उंच बांधवला, अशी आख्यायिका आहे.

तिच्याकडेही जरा थांबून पाहावे. शार्ङ्गधराची कथा देवळात रुजली, तिला उत्सव मिळाला, विश्वस्त मिळाले. कंचनीच्या कथेला एक पडकी वास्तू आणि एक कवी एवढेच मिळाले. पण तिच्यात मेहकर आणि लोणार यांना जोडणारी नजरेची रेघ आहे, एका स्त्रीची आस आहे, आणि बांधणारीचे नाव आहे. मेहकरच्या इतिहासात बांधणाऱ्यांची नावे फार थोडी. त्यांतल्या दोन आठवणी एका नर्तकीची आणि विणकरांच्या जमातीची असाव्यात, हे या गावाचे वैभव आहे. गावाच्या नावे जे सांगितले जाते त्यात मात्र ते अभावानेच आढळते.

इथे आम्ही आमच्या मुद्द्याशी येतो. अलीकडे गावांचे इतिहास लिहिले जात नाहीत असे नाही. पुष्कळ लिहिले जातात. उत्सवाच्या स्मरणिका निघतात, फलक लागतात. परंतु त्यांत गाव बहुधा एका दैवतापुरते आटते, आणि दैवत एका गोष्टीपुरते. जी वास्तू आपल्या समाजाची नाही तिला ओळही मिळत नाही; जी आपली आहे तिला दोन-दोन हजार वर्षे मिळतात. कोणी तारखेचा पुरावा मागितला की त्याच्या श्रद्धेवरच शंका घेतली जाते. अशा वातावरणात मोमीनपुऱ्याची वेस एका बाजूला पडते, धर्मशाळा दुसऱ्या, कंचनीचा महाल तिसऱ्या, आणि तट कोणी बांधला हे तटाच्या आतले लोकच विसरतात.

यावर एक आक्षेप आम्हांला ठाऊक आहे. लोकांच्या कथा लोकांच्या आहेत, विद्वानांनी त्यांची चिरफाड का करावी? आक्षेपात तथ्य आहे. कथेतले चमत्कार वजा करून उरेल तो इतिहास, ही पद्धत कोरडी आहे आणि बहुधा चूकही. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) मध्ये दाखवून दिले की स्थलमाहात्म्य नीट वाचले तर त्याच्या विसंगतींतूनच दैवताचा इतिहास बोलू लागतो. माहात्म्य टाकायचे नसते. त्याच्याशेजारी पोथी, आणि पोथीशेजारी दप्तर ठेवायचे असते. मेघंकराचा राक्षस राहू द्यावा. त्याच्या शेजारी मत्स्यपुराणातले राक्षसाविनाचे तीर्थही राहू द्यावे. वाचकाला दोन्ही दिसली म्हणजे पुरे.

हे काम पुरातत्त्व खात्याचे, असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. खाते वास्तू जपेल, फार तर कुंपण घालील. वेशीवरील लेख, देवळातील आरती, विणकरांच्या घरातील शब्द, कंचनीच्या कथेची चार रूपे आणि त्यांतील फरक ही सामग्री भाषेची आहे, म्हणून ती आपली आहे. मराठीच्या एम.ए.च्या वर्गात स्थानपोथी शिकवली जाते तेव्हा तिच्यातील विभक्तिरूपे विचारली जातात. तिच्याच रीतीने आपल्या गावाचे एक पान लिहून आणा, असे सांगितले जात नाही. विद्यार्थी गावात राहतो, रोज त्या वेशीखालून जातो. तिचे तोंड कोणत्या दिशेला हे मात्र त्याने कधी पाहिलेले नसते. पानभर लिहायला बसेल तेव्हा प्रथमच पाहील.

असे एक पान मेहकरविषयी लिहिले गेले, तर त्यात बाणेश्वर, शार्ङ्गधर आणि नृसिंह ज्या आस्थेने यावेत, त्याच आस्थेने मोमिनांची वेस यावी, पडकी धर्मशाळा यावी, महाल यावा. कोणाच्या उत्तरेला कोण, कोणाच्या दारासमोर कोण, एवढे जरी खरेखुरे उतरले तरी पुष्कळ आहे. इंग्लंडातील खेड्यांना हे चर्चच्या वह्यांनी दिले. आपल्याला ते एका पंथाच्या भक्तांनी दिले होते, आणि ज्या देवांना ते भजत नव्हते त्यांच्या देवळांसकट दिले होते. त्यांच्या भाषेत आपण अजून लिहितो. रीत तेवढी पुन्हा उचलायची आहे.